हिरवं शेवाळ हटता हटेना, कोरल मिटून बसलेत – खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्यांनो, या इकडे

निवांत_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. इथे गोड्या पाण्याचे, प्लँटेड टँकवाले भरपूर आहेत माहितीये, पण खाऱ्या पाण्याचे कोणी जाणकार असतील तर प्लीज हात वर करा, माझं डोकं चालेनासं झालंय. टँक ३ x दीड x दीड फूट म्हणजे साधारण १९० लिटर, खाली छोटा संप (फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप). कोरडे दगड घालून सुरू केला होता, वर्ष होत आलं. आत मासे म्हणजे दोन क्लाउन, एक फायरफिश, एक रॉयल ग्रामा आणि कोरल सगळे सॉफ्टच (मऊ, दगडी सांगाडा नसलेले), झोआ, मश्रूम, एक टोडस्टूल लेदर, एक केनिया ट्री. दिवाळीपर्यंत काय सुंदर दिसत होता, आलेला पाहुणा टँकसमोरून उठायचा नाही. आता दगडांना हिरवे केस फुटलेत, बोटभर लांब, ओढले की मूठभर निघतात आणि पुढच्या रविवारपर्यंत जैसे थे. झोआंच्या मधूनच उगवतं त्यामुळे अर्धे झोआ उघडत नाहीत. आणि टोडस्टूल गेले काही दिवस पूर्ण मिटून वर मेणासारखा चकचकीत झालाय, जातोय का तो??

रीडिंग देतो. सॅलिनिटी १.०२५, टेम्परेचर सकाळी २६ आणि दुपारी साडेअठ्ठावीस, केएच (अल्कलिनिटी) ८.२, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट १०, फॉस्फेट हॅना कंपनीच्या चेकरवर (मोजायच्या यंत्रावर) ८१ आलं म्हणजे ०.०८१. लाइट सकाळी ९ ते रात्री ९. दुकानदार म्हणतो फॉस्फेट झीरो झालंच पाहिजे, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोखंडाचे दाणे) दुप्पट घाला. घरचे म्हणतात टँक काढा, तिथे शू रॅक बसेल.

तिरफळ

शू रॅक +१
(पळा आता)

शिंपला_दादरचा

आधी टोडस्टूलचं सांगतो, तो जात नाहीये. लेदर जातीचे कोरल अधूनमधून अंगावरचा पातळ पापुद्रा टाकतात, त्या वेळी पॉलिप आत घेतात आणि वरून मेण लावल्यासारखे दिसतात. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर चालतं हे. त्याच्या अंगावरून फ्लो थोडा जास्त जाऊ दे, पापुद्रा आपोआप उडून जाईल. बुडखा मऊ पडला, काळपट झाला, घाण वास यायला लागला तर मात्र लगेच लिहा.

आता दुसरं. तो चेकर पालथा करून मागचा नंबर बघा. एचआय ७३६ असेल तर तो फॉस्फेट दाखवतच नाही, फॉस्फरस दाखवतो आणि तोही पीपीबीमध्ये (अब्जात किती). आलेल्या आकड्याला ३.०६६ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. म्हणजे तुमचे ८१ हे ०.०८१ नाहीत, पाव पीपीएम (दशलक्षात किती) झाले जवळजवळ. बऱ्याच जणांचं इथेच फसतं कारण डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय आणि दुकानात कोणी सांगत नाही.

आणि तिसरं, पाणी कुठलं वापरता? टॉपअपला (वाफ झालेलं पाणी भरून काढायला) आणि मीठ कालवायला?

निवांत_कोथरूडकर

७३६ च आहे 🤦 म्हणजे ०.२५!!! तरीच.

पाणी आरओचं. स्वयंपाकघरात आहे तोच, पिण्याचा. दर रविवारी २० लिटरचे दोन कॅन भरतो.

शिंपला_दादरचा

टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजा त्या पाण्याचा. पेन आहे ना?

निवांत_कोथरूडकर

आत्ता मोजला. ७२.

शिंपला_दादरचा

सापडलं की मग. निदान अर्धं तरी.

हे सगळ्यांसाठीच लिहून ठेवतो. आपल्याकडचे पिण्याचे आरओ असतात ना, त्यात बहुतेक मॉडेलना टीडीएस कंट्रोलर असतो. मेंब्रेनमधून निघालेल्या शुद्ध पाण्यात थोडं न गाळलेलं, म्हणजे फक्त यूव्ही किंवा यूएफमधून आलेलं पाणी मुद्दाम मिसळतात, चव यावी म्हणून. काहींमध्ये वर मिनरलचं काडतूसही असतं. माणसाला ते ठीकच आहे पण टँकसाठी आरओचा सगळा उद्देशच संपला, कारण त्या मिसळलेल्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट जे काय नळाला असेल ते थेट आत. आणि टॉपअपचं गणित बघा, टँकमधून वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, तुम्ही भरता ते ७२ टीडीएसचं. मीठ उडत नाही, फॉस्फेट उडत नाही, सगळं साचत जातं. सोसायटीत बोअरचं पाणी मिक्स होतं का? उन्हाळ्यात टँकर येतो का? आपलं सगळं दख्खनचं बसाल्ट, बोअरच्या पाण्यात सिलिका चांगलीच विरघळलेली असते, आणि शेतीच्या पट्ट्यातून टँकर आला असेल तर नायट्रेटही.

उपाय सोपा आहे. त्याच आरओच्या मेंब्रेननंतर, कंट्रोलरच्या आधी एक टी टाकून वेगळी लाइन काढा आणि तिला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) काडतूस लावा. किंवा सरळ वेगळा आरओ-डीआय युनिट घ्या बाल्कनीत. शेवटी टीडीएस शून्य आला पाहिजे. शून्याचा एक झाला की रेझिन बदला, "एकच तर आहे" करत बसू नका, रेझिन दमायला लागलं की सगळ्यात आधी सिलिकेट सोडतं.

निवांत_कोथरूडकर

आई शप्पथ. दिवाळीच्या आधी आरओ सर्व्हिसिंगला माणूस आला होता, त्याने "पाणी फार पातळ येतंय साहेब, चव नाही" म्हणून मागे कसलासा स्क्रू फिरवला होता. तोच का??

शिंपला_दादरचा

तोच तो.

मोहोर_एनजे

नमस्कार, मी न्यू जर्सीतून. आमच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम वेगळा, क्लोरामाइन असतं म्हणून कार्बनचे ब्लॉक दोन लावावे लागतात, आणि टीडीएस मीटरला क्लोरामाइन दिसत नाही हे लक्षात ठेवा.

कोथरूडकर, पाणी सुधाराच, पण त्या दुकानदाराचं "झीरो करा" अजिबात ऐकू नका. हेच लिहायला खास लॉगिन केलंय. आमच्या इथल्या रीफ क्लबमध्ये दर थोड्या दिवसांनी एक जण उगवतो, हिरवं शेवाळ होतं म्हणून जीएफओ लावलं, कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवायला व्हिनेगरसारखं काही घालणं) केलं, नायट्रेट झीरो फॉस्फेट झीरो, आठवडाभर टँक चकाचक आणि मग वाळूवर तपकिरी शेंबूड. हो शेंबूडच, दुसरा शब्द नाही, तारा लोंबतात आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. ते डायनोफ्लॅजेलेट. पाण्यात काहीच खायला नसलं की बाकीचे सगळे मागे पडतात आणि हे पुढे येतात. त्यातल्या ऑस्ट्रिओप्सिससारख्या जाती विषारी, गोगलगायी मरतात त्याने. हिरवं शेवाळ परवडलं हो, ते निदान हाताने उपटता येतं.

माझ्या टँकमध्ये टॉर्च आणि हॅमर हे हार्ड कोरल आहेत, नायट्रेट १५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.१, आणि डोकी अशी फुगलेली असतात की बघत राहावं. कोरलला नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही लागतं. त्याच्या अंगात जे झूझँथेली राहतात ते पण शेवाळच की एक प्रकारचं, त्यांना उपाशी ठेवलं की कोरल फिकट पडतो आणि मग तुम्ही म्हणता लाइट जास्त झाला. टारगेट काय तर फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १५, सॉफ्टवाल्यांना थोडं वर असलं तरी चालतं.

घाटावरचा_बोका

ताई पण मग शेवाळ जाणार कसं? १५ नायट्रेटवर ते वाढणारच ना. खत घालायचं आणि तण नको म्हणायचं असं झालं हे.

मोहोर_एनजे

वाढणारच. कुणी तरी खाल्लं पाहिजे की मग ते. समुद्रात खडकावर शेवाळ दिसत नाही ते तिथे उगवत नाही म्हणून नाही, उगवलं की खाल्लं जातं म्हणून. आपण टँकमध्ये चार मासे सोडतो, चारही शेवाळ न चरणारे, आणि शेवाळ का वाढलं म्हणून टेस्ट किट घेऊन बसतो. कोथरूडकर, तुमच्या लिस्टमध्ये एकही शेवाळ खाणारा नाही बघा. क्लाउन, फायरफिश, ग्रामा, कोणीच नाही. गोगलगायी किती?

निवांत_कोथरूडकर

दोन होत्या. एक दिसते कधी कधी.

ओली_वाळू

मोहोरताई म्हणतात ते टँकपुरतं नाही, अख्ख्या समुद्राला लागू आहे. कॅरिबियनमध्ये डायाडेमा नावाचा लांब काट्यांचा सी अर्चिन होता, खडकांवर शेवाळ चरत फिरणारा. १९८३-८४ मध्ये कसल्याशा रोगाने ९० टक्क्यांच्या वर मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच मारून संपवलेले, वर वादळांनी कोरल मोडलेले, त्यामुळे अर्चिन गेल्यावर चरायला कोणीच उरलं नाही. १९७० च्या दशकात तिथे निम्म्या खडकावर जिवंत कोरल असायचे, ९० च्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्या खाली आले आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९० च्या वर. आपल्याकडे मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाजवळ कप्पाफायकस, ते कॅरागीननसाठी लावतात ते समुद्री शेवाळ, शेतीतून सुटून जिवंत कोरलवर चढलं आणि त्याखाली कोरल गुदमरले. तिथे कोणी फॉस्फेट मोजत बसून कोरल वाचले नसते, चरणारं कोणी आहे का हाच प्रश्न.

मी रत्नागिरीला फिशरीज शिकतेय म्हणून हे सगळं डोक्यात आहे, परीक्षा जवळ आली आहे 😅

रसायनी

चर्चा छान. कुणी रेडफील्ड रेशोचं पिल्लू सोडायच्या आत लिहून टाकतो. नायट्रेट आणि फॉस्फेट १६:१ ठेवा म्हणजे शेवाळ येत नाही असं व्हॉट्सॅपवर फिरतं. रेडफील्डने १९३४ मध्ये खुल्या समुद्रातल्या प्लवकांचं आणि पाण्याचं मोजमाप करून ते प्रमाण काढलं. ते अणूंच्या संख्येचं प्रमाण आहे, पीपीएमचं नाही. पीपीएममध्ये नायट्रेट आणि फॉस्फेटचं ते साधारण १० ला १ येतं. आणि मुख्य म्हणजे तो प्लवकांच्या अंगातला हिशेब आहे, टँक चालवायचं पंचांग नव्हे. १०:१ जुळवायला म्हणून लोक बाटलीतून नायट्रेट ओततात आणि मग आणखी शेवाळ.

दुसरं, फॉस्फेट ०.२५ वरून एकदम खाली आणू नका. जीएफओ किती लावायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याच्या पाव हिश्शाने सुरू करा आणि दर तीन-चार दिवसांनी मोजा. तुमचे दगड कोरडे होते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यातलं कमी केलं की दगड आपल्याकडचं सोडतो आणि आकडा परत वर येतो. हे महिनोन्महिने चालू शकतं, त्यात घाबरून डोस वाढवणारे कोरल मारतात. आणि ७३६ ची अचूकता अधिक-उणे ५ पीपीबी आहे, म्हणजे चेकरवर ३ आले तर ते शून्यही असू शकतं आणि ८ ही. एका रीडिंगवर निर्णय घेऊ नका. क्युव्हेट (चेकरची काचेची बाटली) पुसला का? त्याच्यावर बोटाचा ठसा असला तरी १०-१५ चा फरक पडतो कधी कधी.

घाटावरचा_बोका

रसायनी सर, उलटा प्रश्न. माझ्या मित्राच्या टँकमध्ये ढीगभर शेवाळ आणि टेस्टमध्ये फॉस्फेट झीरो. मग ते जगतं कशावर?

रसायनी

त्याच फॉस्फेटवर. टेस्ट फक्त पाण्यात उरलेलं मोजते, शेवाळाने आधीच खाल्लेलं तिला दिसत नाही. जेवणं उरकल्यावर पातेली रिकामी दिसली म्हणून स्वयंपाक झालाच नाही असं म्हणण्यासारखं आहे ते.

मालवणी_खाजा

आमच्याकडे ओहोटीला खडकावर कोरलचे दगड पडलेले असतात, जिवंत शेवाळखाऊ गोगलगायी पण शेकड्याने. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, गोणीभर आणू काय? दुकानातले दगड कशाला घेता विकत.

ओली_वाळू

खाजादादा नका हो नका!!! हार्ड कोरल सगळेच्या सगळे, काळं पोवळं, समुद्रपंखे, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला पांढरा तुकडा असला तरी तोच कायदा. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकावरचे थोडेसे कोरल २०२० मध्ये हलवले तेव्हा त्यालासुद्धा वनखात्याची परवानगी लागली होती, आणि तुम्ही गोणी म्हणताय.

हे इथल्या नवीन लोकांसाठी पण. आपल्याकडे दुकानात टॉर्च, हॅमर, अ‍ॅक्रोपोरा मिळतो, "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" असं सांगतात. स्क्लेरॅक्टिनिया म्हणजे हार्ड कोरल सगळे सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये पण आहेत, कागद मागितले की दुकानदार विषय बदलतो. झोआ, मश्रूम, लेदर, केनिया ट्री यांचं नाव त्या यादीत नाही. कोथरूडकरांनी सॉफ्टवर टँक केलाय तो शहाणपणाच आहे, दिसायलाही काही कमी नाही.

गोगलगायीसुद्धा किनाऱ्यावरच्या नकोत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या जाती टँकमध्ये काचेवर चढून बाहेर पडतात नाहीतर उपाशी मरतात.

मालवणी_खाजा

बरा बाई. नुसतोच येतंय. सोलकढी आणलंय तर चालात मां?

शिंपला_दादरचा

सोलकढीला कुठलं शेड्यूल नाही, आणा.

कोथरूडकर, आता हाताने काढायचं कसं ते. नुसतं ओढू नका, तुटलेले तुकडे वेव्हमेकरमधून सगळीकडे पसरतात आणि जिथे पडतील तिथे उगवतात. एअरपंपाची जरा जाड नळी घ्या, तिच्या टोकाला कडक ब्रिसलचा टूथब्रश रबरबँडने असा बांधा की नळीचं तोंड ब्रिसलच्या मुळाशी येईल. दुसरं टोक खाली बादलीत, सायफन चालू करा. ब्रश शेवाळात घालून शेवया गुंडाळतो तसा फिरवायचा आणि हलकेच ओढायचा, सुटलेलं नळीतून बादलीत जातं. बादलीच्या तोंडाला फिल्टर सॉकची पिशवी लावली तर पाणी परत टँकमध्ये ओतता येतं नाहीतर वॉटर चेंज समजा. सुटे दगड असतील तर बाहेर टँकच्याच पाण्यात धरून घासा, नळाखाली धरू नका, दगडातले बॅक्टेरिया जातील.

लाइट बारा तास फार झाला. ८ वर आणा, पांढरा आणि लाल चॅनेल कमी करा, निळा राहू द्या. पश्चिमेची खिडकी आहे का जवळ? दुपारचं ऊन टँकवर येत असेल तर आधी पडदा.

मोहोर_एनजे

थांबा थांबा, झोआचा दगड घासणार असाल तर हे वाचल्याशिवाय हात घालू नका. झोआ आणि विशेषतः पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यावर चष्मा, कापलेल्या जखमेने तर अजिबातच नाही. आणि गरम पाणी, उकळणं, स्टीम, हे कधीही नाही. दगड "स्वच्छ करायला" उकळल्यामुळे अख्खं कुटुंब वाफेने दवाखान्यात गेल्याच्या केसेस झाल्या आहेत. घासताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तरी डोळ्याला गंभीर इजा होते. घरात लहान मूल, मांजर असेल तर तो ब्रश-बादली त्याच दिवशी बाहेर. ते घाबरवायला नाही सांगत, मीही झोआ ठेवते, पण ग्लोव्ह्जशिवाय नाही.

निवांत_कोथरूडकर

हे माहीतच नव्हतं. दुकानात एका शब्दाने कोणी बोललं नाही. ग्लोव्ह्ज ऑर्डर केले.

खिडकी पश्चिमेचीच आहे, पडदा सोडला. झोआच्या फ्रॅगप्लगवरच्या (कोरलचा तुकडा चिकटवायच्या बैठकीवरच्या) शेवाळाला हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात असं वाचलं, ते चालतं का? आणि एकाने फ्लुकोनाझोल सांगितलं, ती बुरशीची गोळी??

रसायनी

पेरॉक्साइड चालतं पण बाटली नीट वाचा. इंग्रजी साइटवर सगळी मापं ३ टक्क्यांच्या हिशेबाने असतात. आपल्या मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्के, बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं. म्हणजे निम्मं घ्यायचं नाहीतर आरओच्या पाण्यात समप्रमाणात पातळ करायचं. फ्रॅगप्लग बाहेर काढून ब्रशने फक्त शेवाळावर लावा, मिनिटभर थांबा, टँकच्या पाण्यात बुडवून धुवा, आत ठेवा. झोआ एखाद-दोन दिवस रुसतील. टँकमध्ये ओतायच्या भानगडीत आत्ता पडू नका, तुमच्याकडे फायरफिश आहे, दचकला की उडी मारतो तो. झाकणाला जाळी आहे ना?

फ्लुकोनाझोल खरं आहे, पण ते ब्रायोप्सिसवर. शेवाळाचा एक तुकडा पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून बघा. मध्ये देठ आणि दोन्ही बाजूला पिसासारखं असेल तर ब्रायोप्सिस, ते कोणीच फारसं खात नाही, तिथे औषधाला पर्याय नाही. लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, कार्बन काढून ठेवायचा, दोन-तीन आठवडे वाट बघायची. नुसते सुटे केस असतील तर आधी हात आणि गोगलगायी. एवढं शेवाळ औषधाने एकदम मेलं तर कुजून त्यातलं सगळं परत पाण्यात, मग नवीन धागा काढावा लागेल.

निवांत_कोथरूडकर

बशीत बघितलं. पिसं नाहीत, नुसते केस. जाळी आहे.

घाटावरचा_बोका

तीन दिवस ब्लॅकआउट करा ना सरळ. चादर टाकायची टँकवर.

शिंपला_दादरचा

ब्लॅकआउट सायनोला (सायनोबॅक्टेरियाच्या थराला), डायनोला (त्या डायनोफ्लॅजेलेटना) थोडाफार लागू पडतो. केसाळ शेवाळाचं मूळ दगडातच राहतं, चादर काढली की पंधरवड्यात परत. उगीच कोरलना उपास. त्यापेक्षा संपमध्ये जागा असेल तर रिफ्यूजियम करा, कीटोमॉर्फा, म्हणजे ते हिरव्या तारेच्या गुंडाळ्यासारखं शेवाळ, त्याला रात्री लाइट द्या, टँकचा लाइट बंद असतो तेव्हा. तेच नायट्रेट-फॉस्फेट तिथे खपतं, रात्री पीएच पण फार पडत नाही आणि दर महिन्याला मूठभर उपटून फेकायचं.

टेम्परेचरबद्दल कोणी बोललं नाही. साडेअठ्ठावीस आत्ताच, एप्रिल-मेमध्ये काय? पुण्याची हवा कोरडी, पाण्याच्या पृष्ठभागावर दोन कॉम्प्युटर फॅन तिरके लावले की दोन-तीन डिग्री आरामात उतरतं. आमच्या दादरला मे महिन्यात फॅन लावून काही होत नाही, हवेतच एवढं पाणी की वाफच होत नाही, चिलरशिवाय गत्यंतर नाही. पण फॅन लावला की टॉपअप वाढणार, म्हणून ते आरओ-डीआयचं आधी.

मोहोर_एनजे

चरणारे कोण आणायचे ते: ट्रोकस गोगलगायी सगळ्यात बऱ्या, उलट्या पडल्या तर स्वतः सरळ होतात. टर्बो खातात राक्षसासारख्या पण रणगाडाच तो, न चिकटवलेले फ्रॅग पाडत जातात. एक टक्सिडो अर्चिन, तो मात्र डोक्यावर फ्रॅग घेऊन फिरतो, सगळं चिकटवून टाका. मासा हवा असेल तर लॉनमोअर ब्लेनी, तीन फुटात चालतो. टँग मासा कोणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका, तीन फुटाच्या टँकमध्ये त्याचे हाल. आणि लक्षात ठेवा, बोटभर वाढलेलं शेवाळ बहुतेक गोगलगायी खात नाहीत, त्यांना कोवळं लागतं. आधी तुम्ही कापणी करायची, मग त्या राखतील.

तिरफळ

मी गंमत करायला आलो होतो, आता गोगलगायींची नावं पाठ झालीत. वाखु (वाचनखूण) साठवली.

निवांत_कोथरूडकर

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचाय.

आरओ-डीआय बाल्कनीत बसवला, टीडीएस ० येतो. दर रविवारी टूथब्रश-नळी, पहिल्या वेळी अर्धी बादली शेवाळ निघालं, बायकोने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. जीएफओ थोडंसंच. ट्रोकस मिळाल्या, ब्लेनी पण आला, तो दिवसभर दगडावर ओठ आपटत असतो. चेकर आता ४० दाखवतो म्हणजे ०.१२. टोडस्टूल पापुद्रा टाकून असा उघडलाय की आधीपेक्षा मोठा दिसतो. झोआ निम्म्याहून जास्त उघडले, ज्या प्लगला पेरॉक्साइड लावलं ते सगळ्यात आधी. दगडावर केस अजून आहेत पण आखूड, फिकट.

पण आता वाळूवर लाल-जांभळा थर आलाय! हे डायनो तर नाही ना?? मोहोरताईंचं वाचल्यापासून झोप उडालीय.

मोहोर_एनजे

रात्री लाइट गेल्यावर कमी होऊन सकाळी नाहीसा होतो का? बुडबुड्यांच्या तारा दिसतात का?

निवांत_कोथरूडकर

नाही, सकाळीपण तस्साच. बोट लावलं तर चादरीसारखा अखंड सुटून येतो. तारा नाहीत.

रसायनी

मग सायनो. तरी खात्री हवी तर थोडं ग्लासात घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. परत गोळा होऊन धागे झाले तर डायनो, स्वच्छच राहिलं तर नाही.

हिरवं कमी झाल्यावर मोकळ्या जागेत सायनो येणं अगदी नेहमीचं आहे. चादर नळीने ओढून घ्या, त्या कोपऱ्यात वेव्हमेकरचं तोंड वळवा, तिथे फ्लो मेलेला असणार. लाल थर घालवायच्या पावडरी मिळतात त्या आत्ता नकोत, एका रात्रीत सगळं मरून ऑक्सिजन पडतो. जीएफओ आहे तेवढंच ठेवा, वाढवू नका, नायट्रेट किती आलंय ते सांगा.

निवांत_कोथरूडकर

नायट्रेट २ च्या खाली आलंय, किटवर जेमतेम गुलाबी दिसतं.

रसायनी

हं, मग तेच. फॉस्फेट ०.१२ आणि नायट्रेट जवळपास संपलेलं, सायनोला असंच आवडतं, त्यातल्या बऱ्याच जाती नायट्रोजन स्वतः बांधून घेतात. माशांना खाणं जरा वाढवा, स्किमर रात्री काही तास बंद ठेवून बघा, नायट्रेट ५ पर्यंत येऊ दे. पुढच्या रविवारचं रीडिंग टाका.

निवांत_कोथरूडकर

खाणं वाढवा म्हटल्यावर क्लाउन तुमचे आभारी आहेत. टाकतो रविवारी.

घाटावरचा_बोका

कोथरूडकर, त्या ट्रोकस पुण्यात कुठे मिळाल्या? मित्रासाठी विचारतोय.

निवांत_कोथरूडकर

दुकानात नाही मिळाल्या, इथल्याच एका हौशी माणसाकडून. त्याच्या टँकमध्ये पिल्लं होतात, काचेवर साबुदाण्याएवढी. विपु (विचारपूस) करतो.